‘अख्रिस्ती’ वर्तन म्हणजे काय?

गेल्या कार्तिकांत कांहीं विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन आम्ही कौंडण्यपुरास गेलों होतों. वर्धेच्या कांठचें हें गांव म्हणजे भीष्मक राजाची राजधानी आणि रुक्मिणीचें माहेर; येथूनच दरवर्षीं आषाढीसाठीं रुक्मिणीची पालखी पंढरपुरास निघते. यात्रेची गर्दी ओसरल्यावर घाटाच्या पायऱ्यांवर बसून आम्हीं शिदोऱ्या सोडल्या, आणि वर्गांत अर्धवट राहिलेला एक वाद तेथें पुन्हा निघाला. वाद एका शब्दाचा होता.

भाषांतरासाठीं आम्हीं वर्गास एक इंग्रजी उतारा दिला होता. एका सधन गृहस्थानें आपल्या विधवा भावजयीस भर पावसाळ्यांत घराबाहेर काढलें, अशी त्यांत हकीकत होती. आणि शेजाऱ्यांनीं त्या कृत्यास ‘अनख्रिश्चन’ म्हटलें होतें. या एका शब्दाचीं विद्यार्थ्यांनीं चार भाषांतरें केलीं. बहुतेकांनीं ‘अख्रिस्ती वर्तन’ असें लिहिलें, कित्येकांनीं ‘विधर्मी वर्तन’, एकानें ‘अमानुष’, आणि एकानें ‘ख्रिस्ताला मान खालीं घालावयास लावणारें वर्तन’. हा शेवटचा विद्यार्थी स्वतः ख्रिस्ती घराण्यांतला होता. आम्हीं पहिल्या भाषांतरास पूर्ण गुण दिले आणि शेवटच्याचे दोन गुण कापले. ‘मुळांत एक शब्द, आपण योजलेले पांच’ असा वर शेराही मारला.

घाटावर त्या विद्यार्थ्यानें विचारलें, “सर, तो दीर ख्रिस्ती नसतां, आपल्या वऱ्हाडांतला एखादा हिंदु सावकार असता, तर त्याचें हें कृत्य अख्रिस्ती ठरलें असतें कीं नाहीं? ठरलें असतें म्हणावें, तर तो बिचारा जन्मापासूनच अख्रिस्ती आहे. त्यांत त्याचा अपराध कोणता? आणि ठरलें नसतें म्हणावें, तर भावजयीस हांकलून देण्याची त्याला मोकळीक आहे काय?” प्रश्न नम्रपणें विचारला होता, पण आमच्याजवळ उत्तर नव्हतें. तें उत्तर पुढें आम्हांस सुचलें तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

प्रथम मूळ इंग्रजी शब्दाची कुंडली पाहूं. त्या भाषेंत हा शब्द तीन अर्थांनीं चालतो. जो ख्रिस्ती धर्माचा नाहीं तो, हा पहिला अर्थ. ख्रिस्ताच्या उपदेशाशीं विसंगत, निर्दय, अनुदार, हा दुसरा. आणि तिसरा अर्थ निव्वळ बोलण्यांतला: अवेळीं, गैरसोयीचें. पहांटे कोणी दार ठोठावलें तर इंग्रज गृहस्थ कुरकुरतो, कीं ही कसली अनख्रिश्चन वेळ! आमच्याकडे त्याच वेळेला ब्राह्म मुहूर्त म्हणतात. पहांटे चारला बैल जुंपून पऱ्हाटीच्या शेताकडे निघणारा आमचा वऱ्हाडी कुणबी या हिशेबानें जन्मभर अनख्रिस्ती वेळींच उठत आलेला आहे. तिसरा अर्थ हंसण्यावारी नेण्यासारखा आहे. पण त्यानें एक गोष्ट उघड होते. पहिल्या अर्थावरून दुसरा आणि दुसऱ्यावरून तिसरा कसा निघाला तें पाहा. जो आमचा नाहीं तो. जो आमचा नाहीं तो वाईट. आणि शेवटीं जें जें आम्हांस आवडत नाहीं तें तें सारें त्याच नांवाचें. ही उतरंड व्याकरणाची नसून अहंकाराची आहे.

इंग्रजांनीं निदान एक सोय केली. नुसतें वेगळेपण सांगावयाचें तेव्हां ते ‘नॉनख्रिश्चन’ असा निराळा शब्द योजतात. आमच्या भाषांतरकारांनीं तीही सोय ठेवली नाहीं. त्यांनीं दोहोंसही एकच ‘अ’ लावला. वस्तुतः या ‘अ’विषयीं आमच्या वैयाकरणांइतका बारीक विचार क्वचितच कोणीं केला असेल. नकारवाचक नञाचे त्यांनीं सहा अर्थ मोजले आहेत: सादृश्य, अभाव, अन्यत्व, अल्पत्व, अप्राशस्त्य आणि विरोध. ‘अनश्व’ म्हणजे घोड्याहून वेगळा प्राणी. येथें नुसतें अन्यत्व आहे, घोड्याशीं त्याचें कांहीं वैर नाहीं. ‘अधर्म’ म्हणजे धर्माच्या उलट. येथें विरोध आहे. बैल हा अनश्व आहे असें म्हटल्यानें बैलाची निंदा होत नाहीं. पण कोणी ‘अनश्व’ हा शब्द ‘अधर्म’च्या चालीवर बोलूं लागला, तर जगांतले सारे बैल एका रात्रींत घोड्यांचे शत्रु ठरतील! ‘अख्रिस्ती’ या शब्दाचें नेमकें असेंच झालें आहे. अन्यत्वाच्या अर्थानें महाराष्ट्रांतील बहुतेक सर्व लोक अख्रिस्ती आहेत. विरोधाच्या अर्थानें विधवेस पावसांत काढणारा तो एक दीर अख्रिस्ती आहे. एकाच शब्दानें दोघांसही हांक मारणें म्हणजे कोट्यवधि निरपराध्यांना एका अपराध्याच्या रांगेंत उभें करणें होय.

येथें आमचे कांहीं वाचक सुखावले असतील. पाश्चात्त्यांचा एक दोष चव्हाट्यावर आला, असें त्यांस वाटलें असेल. त्यांनीं घाई करूं नये. दुसऱ्याच्या नांवाची शिवी करण्याच्या विद्येंत आम्ही कोणाचे शिष्य नाहीं. ‘ही काय मोगलाई आहे?’ असें आम्ही उठल्याबसल्या म्हणतों. वऱ्हाड १८५३ पर्यंत प्रत्यक्ष निजामाच्या कारभारांत होतें. तेव्हां येथल्या लोकांना त्या शब्दाची आंच ठाऊक होती असें म्हणतां येईल. पण ‘चांभारचौकशी’चें काय? निष्कारण खोदखोद करून विचारण्याचा दोष पांढरपेशांच्या ओसरीवर जितका बोकाळलेला आहे तितका चर्मकाराच्या दुकानांत नाहीं. नांव मात्र त्याचें. अडाणीपणाला आम्ही ‘कुणबाऊ’ म्हणतों, आणि कुणब्याच्या घरचें धान्य खातों. दोष आपल्या घरचा, नांव शेजाऱ्याचें, अशी ही सोयीची वांटणी आहे.

आणि ज्या घाटावर आम्ही बसलों होतों त्या गांवाची कथाच घ्या. स्मृतिकारांनीं विवाहाचे आठ प्रकार सांगितले, त्यांत कन्येला बळानें हरण करून नेण्याला ‘राक्षसविवाह’ म्हटलें. भागवतांत रुक्मिणी श्रीकृष्णाला जो निरोप धाडते त्यांत याच राक्षसविधीनें आपणांस न्यावें अशी तिची विनंती आहे; आणि देवीच्या दर्शनास ती बाहेर आली असतां सर्व राजांच्या देखत भगवंतांनीं तिला रथांत घेतलें. आतां रामायणाचें उत्तरकांड काढून पाहावें. तेथें प्रत्यक्ष राक्षसांच्या राजाचा, रावणाचा, विवाह कसा झाला? मयानें आपली कन्या मंदोदरी त्याला दिली आणि रावणानें अग्नि प्रज्वलित करून यथाविधि तिचें पाणिग्रहण केलें. म्हणजे राक्षस सभ्य रीतीनें बोहल्यावर चढला आणि देवानें ‘राक्षसविवाह’ केला! यांत श्रीकृष्णाची निंदा नाहीं. रुक्मिणीच्या इच्छेविरुद्ध रुक्मी तिला शिशुपालाच्या गळ्यांत बांधीत होता, आणि हरणांतच तिची सुटका होती. आमचें म्हणणें इतकेंच, कीं रीतीला लोकांचें नांव दिलें म्हणजे त्या लोकांची ती रीत होतेच असें नाहीं. नांव देणाऱ्यानें बहुधा त्यांच्या घरीं डोकावूनही पाहिलेलें नसतें.

पण हा झाला नांवाचा विचार. याहून गंभीर प्रश्न मापाचा आहे. एखादें वर्तन धर्माविरुद्ध आहे हें ठरवावयाचें कशावरून? या प्रश्नाचीं दोन उत्तरें मराठी मुलखाच्या इतिहासांत फार स्पष्ट अक्षरांनीं लिहिलेलीं आहेत.

पहिलें उत्तर गोव्यांत मिळतें. तेथें १६१६ मध्यें फादर स्टीफन्स यांचें ‘क्रिस्तपुराण’ छापलें गेलें. जन्मानें इंग्रज असलेल्या या जेझुइटानें ख्रिस्ताची कथा मराठी ओवींत सांगितली आणि स्वर्गाला वैकुंठ म्हणण्यांत त्याला संकोच वाटला नाहीं. त्याच गोव्यांत १५६० पासून इन्क्विझिशनचें न्यायासन बसलेलें होतें, आणि त्यानें १७३६ मध्यें एक मोठें फर्मान काढून नव्या ख्रिस्त्यांनीं कोणत्या चालीरीती सोडाव्या याची यादीच दिली. त्यांत काय होतें? दारीं तुळस लावूं नये. भात मिठावांचून शिजवूं नये. पुरुषांनीं धोतर नेसूं नये, बायकांनीं चोळी घालूं नये. लग्नांत जुनीं गाणीं म्हणूं नयेत. आळणी भात हा ख्रिस्तविरोध! डोंगरावर बसून शत्रूवर प्रेम करावयास सांगणाऱ्या त्या गुरूनें मिठाचा दृष्टांत दिला होता खरा. पण तें मीठ भाताच्या तपेल्यांत शोधावें लागेल हें त्याच्या स्वप्नींही नसेल. १८१२ मध्यें तें न्यायासन कायमचें बंद झालें. परंतु शेजाऱ्याच्या चुलीवरून त्याचा धर्म जोखण्याची वृत्ति फर्मानानें जन्मत नाहीं, तशी फर्मानानें मरतही नाहीं. पंडिता रमाबाईंनीं १८८३ मध्यें इंग्लंडांत वाँटेज येथें बाप्तिस्मा घेतला, पण शाकाहार सोडला नाहीं. तेव्हां ज्या मठवासिनीला त्या आईच्या ठिकाणीं मानीत तिनेंच त्यांत जुन्या जात्यभिमानाचा वास घेतला.

दुसरें उत्तर पुण्यांत मिळतें. १८९० सालीं पंचहौद मिशनमध्यें जमलेल्या प्रतिष्ठित मंडळींपुढें चहा आणि बिस्किटें आलीं. कोणी तीं घेतलीं, कोणी संकोचानें बाजूस ठेवलीं. डॉ. आनंदीबाईंचे पति गोपाळराव जोशी यांनीं हजर असलेल्यांचीं नांवें ‘पुणेंवैभव’ पत्राकडून प्रसिद्ध करविलीं, आणि मोठें ग्रामण्य माजलें. न्यायमूर्ति रानडे, लोकमान्य टिळक अशा पुरुषांवर धर्म बुडविल्याचा आरोप आला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें. टिळकांनीं आपण काशीस प्रायश्चित्त घेतल्याचें सांगितलें, आणि रानड्यांनीं १८९२ मध्यें प्रायश्चित्त घेऊन स्वतःच्या अनुयायांचाही रोष पत्करला. एका पेल्यानें धर्म बुडाला! आणि त्याच पुण्यांत ज्या घरीं दहा वर्षांच्या विधवेचें केशवपन होई, त्या घराला त्याबद्दल कसलेंही प्रायश्चित्त पडत नसे. उलट, न केल्यास पडण्याचें भय असे.

हीं दोन्हीं उत्तरें शेजारीं शेजारीं ठेवून वाचावीं, म्हणजे त्यांच्यांतील साम्य ध्यानांत येईल. गोव्याचा न्यायाधीश आणि पुण्याचा ग्रामण्यकर्ता एकमेकांच्या सावलीलाही उभे राहिले नसते; पण दोघेही धर्म एकाच ठिकाणीं शोधीत होते, स्वयंपाकघरांत. म्हणूनच आमच्या भाषेंत ‘बाटणें’ हें क्रियापद अन्नपाण्याला चिकटून राहिलें, आणि क्रौर्यानें माणूस बाटतो असें म्हणण्याची रीत आमच्यांत पडली नाहीं. पावसांत काढलेल्या त्या भावजयीला हें भाषेचें दारिद्र्य फार महाग पडतें.

मग ‘अनख्रिश्चन’ या शब्दांत कांहींच अर्थ नाहीं काय? आहे; आणि तो मोठा अर्थ आहे. मात्र तो शब्द कोणाच्या तोंडीं आणि कोणाविषयीं, यावर सारें अवलंबून आहे. एक ख्रिस्ती दुसऱ्या ख्रिस्त्याला म्हणतो, ‘बाबा, हें तुझ्या ख्रिस्ताच्या विरुद्ध आहे,’ तेव्हां तो शब्द आरशासारखा असतो. ज्याच्या नांवानें तूं रोज प्रार्थना करतोस त्याच्याच मापानें तुला मोजतों, असें तो म्हणत असतो. गीतेच्या दुसऱ्या अध्यायांत श्रीकृष्ण खचलेल्या अर्जुनाला त्याचें वागणें अनार्यांना साजेसें असल्याचें सांगतात. तो बोल अर्जुनासाठीं आहे, समोरच्या सैन्यासाठीं नाहीं. आपल्या माणसाला आपल्याच आदर्शाची आठवण देणें हा अशा शब्दांचा खरा उपयोग. बाहेरच्यावर तोच शब्द फेकला, कीं आरशाचा धोंडा होतो.

हें मर्म महाराष्ट्रांत ज्यांनीं जाणलें त्यांत रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचें नांव आम्ही प्रथम घेऊं. नागपुराहून राजनांदगांवास जातांना आगगाडींत एका इंग्रजानें त्यांच्या हातीं नवा करार दिला; १८९५ मध्यें मुंबईस त्यांनीं बाप्तिस्मा घेतला; आणि पुढें जवळजवळ दोन तपें मिशनची सेवा केल्यावर १९१७ मध्यें ती पगारी सेवा सोडून त्यांनीं सातारा येथें ‘देवाचा दरबार’ उभा केला. त्या दरबारांत बाप्तिस्मा घेतलेल्यांस जागा होती आणि न घेतलेल्यांसही होती. ख्रिस्ताच्या मागें चालण्याची इच्छा एवढीच त्याची अट होती. ज्यानें घरदार दुरावण्याची किंमत देऊन ख्रिस्ती नांव घेतलें होतें, त्यानेंच ख्रिस्ती आणि अख्रिस्ती यांमधली भिंत आपल्या हातानें बुटकी केली. बाहेरचे सारे विरोधी नव्हेत हें त्यानें आपल्या कृतीनें दाखविलें. व्याकरणांतला अन्यत्व आणि विरोध यांमधला भेद आम्हांस त्याच्याकडूनच खरा कळतो.

आतां आमच्या वऱ्हाडांतलें उदाहरण घेऊं. परतवाड्याजवळ कोठारा येथें मिशनऱ्यांनीं कुष्ठरोग्यांसाठीं रुग्णालय चालविलें. अमरावतीजवळ डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनीं त्याच रोग्यांसाठीं तपोवन उभारलें. एकीकडे येशूचें नांव, दुसरीकडे जगदंबेचें. ज्या रोग्याला घरच्यांनीं वेशीबाहेर ठेवलें त्याच्या जखमा दोन्ही ठिकाणीं सारख्याच पाण्यानें धुतल्या गेल्या. आमच्यासारखे इंग्रजी शिकलेले लोक तपोवन पाहून येतात आणि कौतुकानें म्हणतात, कीं हें खरें ‘ख्रिश्चन’ काम आहे! हें कौतुक करतांना आपण काय बोलतों याचें त्यांना भान नसतें. दया हा ख्रिस्ती धर्माचा मक्ता मानला, तर निर्दयता आपोआप इतरांच्या वांट्यास येते. आणि दया ही हिंदुधर्माची मिरास मानली, तर कोठाऱ्याच्या त्या परिचारिकांना काय म्हणावयाचें? रोग्याला यांतलें कांहींएक नको असतें. त्याला स्वच्छ पट्टी हवी असते.

आमच्यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा, कीं एका शब्दासाठीं एवढा खल कशाला? भाव समजला म्हणजे झालें. पण भाव कोणाला समजला? बहुसंख्यांना समजला, ज्याच्या नांवाचा तो शब्द घडला आहे, किंवा ज्याच्यावर तो पडतो, त्याला काय लागलें हें विचारतो कोण? ‘ख्रिस्ती असून मराठी किती शुद्ध बोलतो!’ हें वाक्य आमच्या सुशिक्षित घरांतून प्रशंसा म्हणून उच्चारलें जातें. ‘ख्रिस्ती आहे, पण माणूस चांगला आहे’ हें दुसरें. त्यांतला ‘असून’ आणि ‘पण’ हे त्याच नकाराचे सख्खे भाऊ आहेत. क्रिस्तपुराण ज्या लोकांत वाचलें गेलें, ‘स्मृतिचित्रें’ ज्या घरांतून आलीं, त्यांच्या मराठीचें आम्हीं आश्चर्य करावें, हेंच आश्चर्य आहे. ज्या विद्यार्थ्याचे आम्हीं दोन गुण कापले त्याच्याविषयीं यांतलें पहिलें वाक्य आम्हींच एकदां बोललों होतों, आणि तें त्यानें ऐकलें होतें. शब्दाचा खल यासाठीं करावा लागतो.

दुसरा आक्षेप याच्या उलट बाजूचा आहे. हल्लीं ‘अख्रिस्ती’च्या धर्तीवर ‘अहिंदु वर्तन’, ‘अभारतीय आचार’ असे शब्द घडविले जातात, आणि इंग्रजांना त्यांचा शब्द आहे तर आम्हांस आमचा कां नको, असें विचारलें जातें. दुसऱ्याच्या अंगणांतलें कुसळ आपल्या शेतांत पेरण्याला स्वाभिमान म्हणावयाचें असेल तर आमचा नाइलाज आहे. चोरी, लांच, व्यभिचार, विश्वासघात यांना ‘अहिंदु’ म्हटलें, कीं हे सारे दोष सीमेपलीकडून आले असें मानण्याची सोय होते. मग त्यांची झडती आपल्या घरांत घेण्याचें कारण उरत नाहीं. दोषाला दोषाचें नांव द्यावें. निर्दय, कृतघ्न, लबाड, अन्यायी, हलकट, दुष्ट: आमची भाषा या बाबतींत दरिद्री नाहीं, आणि यांतल्या एकाही शब्दासाठीं कोणाचा धर्म विचारावा लागत नाहीं.

आणि धर्माची आठवण देणें अवश्यच असेल, तर त्यासाठीं मराठींत ‘अ’हून चांगला प्रयोग पूर्वापार आहे: ‘शोभत नाहीं’. ‘हें तुला शोभत नाहीं,’ असें आई मुलाला म्हणते, गुरु शिष्याला म्हणतो. ‘ख्रिस्त्याला न शोभणारें’, ‘वारकऱ्याला न शोभणारें’, ‘मुसलमानाला न शोभणारें’ असें म्हणतांना आपण त्या त्या नांवाचा मान राखून त्या माणसाचा दोष दाखवितों. त्यांत बाहेरच्या कोणाची निंदा होत नाहीं. वाक्यांत ज्याचें नांव आहे त्याच्यावरच जबाबदारी पडते, आणि मापही त्याचें स्वतःचें असतें. शिवाय ज्याच्याविषयीं आपुलकी आहे त्यालाच ‘शोभत नाहीं’ म्हणण्याची मराठींत रीत आहे. निव्वळ परक्याला तसें म्हणावयास आपली जीभ वळत नाहीं, आणि तेंच योग्य आहे.

आतां घाटावरच्या प्रश्नाचें उत्तर. तो दीर ख्रिस्ती असेल तर त्याचें कृत्य ख्रिस्त्याला न शोभणारें आहे, आणि तें त्याला सांगण्याचा पहिला अधिकार व पहिलें कर्तव्य ख्रिस्त्यांचें आहे. तो हिंदु असेल तर तें हिंदूला न शोभणारें आहे, आणि तें सांगण्याची पाळी आमची आहे. दोन्ही प्रसंगीं तें कृत्य दुष्टपणाचें आहे, आणि दोन्ही प्रसंगीं ती बाई पावसांत उभी आहे. ‘ख्रिस्ताला मान खालीं घालावयास लावणारें’ हेंच त्या उताऱ्याचें खरें भाषांतर होतें. त्या मुलानें आपल्या माणसाच्या दोषाची लाज स्वतःकडे घेतली, आणि त्या शब्दाचा सरळ उपयोग एवढाच आहे.

परीक्षेचे कागद केव्हांच दप्तरीं गेले. कापलेले ते दोन गुण आतां परत देतां येत नाहींत. जे शिक्षक अजून कागद तपासावयाचे आहेत त्यांनीं मात्र असा उतारा समोर आल्यास शब्द मोजण्यापूर्वीं घटकाभर थांबावें, अशी आमची त्यांना विनंती आहे.